रानात बोलायचं नाही

“अक्का, शू,” मी म्हणाले.

त्या सकाळचं हे कितवं ‘शू’ होतं कोण जाणे. जीपमधून उतरल्यापासून यमुनाक्काचं तोंड चालूच होतं. वाटेवर पडलेली जांभळं बघून तिला शेजारच्या चंपाबाईंचा मधुमेह आठवला. फुललेला बहावा बघून कुणाच्या तरी हळदीतली पिवळी साडी आठवली, आणि साडी आठवल्यावर त्या लग्नात जिलेबी कशी कमी पडली ते सांगणं आलंच. पुढं चालणारे अण्णा हेब्बाळकर मागं वळून ओठांवर बोट ठेवायचे. मग मी शू म्हणायचे. अक्का “बरं बाई” म्हणायची, थोडा वेळ गप चालायची, आणि पुन्हा, “पण काय गं रजनी…”

यमुनाक्का माझी मोठी नणंद. तीन वर्षांपूर्वी एक पत्र्याची पेटी घेऊन ती सासरहून आमच्या दारात आली ती परत गेलीच नाही. का आली, ते कुणाला कळलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, “काय नाही रे, तिकडचं पाणी मानवत नव्हतं मला.” एवढंच. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर ती बोलायची. भाजी निवडताना बोलायची, पूजा करताना देवाशी बोलायची, देव ऐकत नाही असं वाटलं तर कुकरशी बोलायची. मी न्हाणीघरात असले तर दाराबाहेर पाट टाकून बसायची आणि बोलायची.

आणि मी कुठं नोकरीला, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तेव्हा ट्रंक कॉल बुक करायचे दिवस होते. दिवसभर कानाला हेडफोन, आणि हेडफोनमध्ये अख्खा तालुका. कुणाचा जावई आजारी, कुणाच्या बैलाचा सौदा, कुणाची नुसतीच भांडणं. संध्याकाळी घरी यावं तर उंबऱ्यातच अक्का. देवाशपथ सांगते, रविवारी रानात गेले नसते तर मला वेड लागलं असतं.

म्हणून तर मी आमच्या निसर्ग मंडळात शिरले. मंडळ म्हणजे काय, गडहिंग्लजमधली पाच-सहा रिकामटेकडी डोकी. अण्णांचा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. ते मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि फौजदार. नझीर मुल्लांचं औषधांचं दुकान. दर रविवारी पहाटे नझीरभाईंच्या खटारा जीपमधून आम्ही आजऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात जायचो आणि पाखरं, फुलं, फुलपाखरं बघत हिंडायचो. अण्णांचे नियम कडक होते. पहिला नियम, रानात बोलायचं नाही. दुसरा, कपडे मातीच्या नाहीतर पाल्याच्या रंगाचे. म्हणून त्या दिवशी अक्काच्या गुलाबी साडीवर मी माझी हिरवी चादर गुंडाळायला लावली होती. चादरीत ती उकडून निघत होती आणि तेही सगळ्यांना सांगत होती.

तिसरा नियम नवरंगाचा. नवरंग म्हणजे साळुंकीपेक्षाही लहान, आखूड शेपटीचं पाखरू. हिरवी पाठ, निळे खांदे, बुडाशी लाल, असे नऊ रंग अंगावर घेऊन पाचोळ्यात उड्या मारत फिरतं आणि तरी दिसत म्हणून नाही. मे संपता संपता, पावसाच्या जरा आधी आमच्या डोंगरात येतं आणि दोन सुरांची शीळ घालतं. वर्षातली पहिली शीळ ऐकणं म्हणजे आमचा सण. ती ऐकू आली की जो जिथं असेल त्यानं तिथंच खाली बसायचं. हलायचं नाही, हाक मारायची नाही, पाखरू आपणहून पुढं येईपर्यंत मुंगी चावली तरी खाजवायचं नाही. गेली दोन वर्षं बेळगावच्या मंडळींनी आमच्याआधी नवरंग ऐकला होता, आणि ते अण्णांच्या फार जिव्हारी लागलं होतं. यंदा काहीही झालं तरी पहिला मान आपला, असं ते जीपमध्ये बसतानाच म्हणाले होते.

एक सांगायचं राहिलं. मला शीळ घालता यायची. लहानपणी त्यापायी आईचा मार खाल्ला होता, पण सवय गेली नाही. नवरंगाची नक्कल तर मी अशी करायचे की एकदा अण्णा स्वतः झुडपामागं कितीतरी वेळ दबा धरून बसले होते. हसून हसून नझीरभाईंच्या पोटात दुखलं. अण्णा मात्र भडकले. रानात पुन्हा नक्कल करणार नाही अशी शपथ त्यांनी माझ्याकडून घेतली, आणि ती मी पाळली होती.

तर त्या रविवारी अक्का आमच्याबरोबर कशी, तर आमचे हे पोरांना घेऊन लग्नाला गेले होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. रिकाम्या घरात अक्का थांबायची नाही. आदल्या रात्री म्हणाली, “मला एकटीला ठेवून जाऊ नको गं. मी काही त्रास द्यायची नाही.” मी कपाळाला हात लावला आणि तिला घेऊन आले.

वाघझरी नावाच्या ओढ्यापाशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण आभाळ भरलेलं असल्यामुळं रानात अजून पहाटेसारखाच अंधुक उजेड होता. ओढा कोरडा. कुठंतरी एखाद्या डबक्यात तळाशी पाणी आणि त्यावर पिवळी फुलपाखरं. एका जुन्या ऐनाच्या झाडावर सीतेची वेणी फुलली होती, गुलाबी-पांढरे घोस लोंबत होते. ते बघून अक्का खरंच गप झाली. मला वाटलं, चला, काहीतरी लागू पडलं.

मंडळातले बाकीचे त्या दिवशी आले नव्हते. अण्णांनी खुणेनं वाटणी केली. ते आणि नझीरभाई पलीकडच्या काठावरच्या उघड्या कातळावर जाणार, मी आणि अक्का ओढ्यातून वर जाणार. शीळ कुठूनही आली तरी दोन बाजूंनी जागा नेमकी कळावी म्हणून आम्ही असं करायचो. जाताना अण्णांनी अक्काकडं बघून हात जोडले. अक्कानं चादरीचं टोक तोंडात कोंबून दाखवलं. नझीरभाई हसू दाबत निघून गेले.

आम्ही वर चढू लागलो. पाचोळा वाजू नये म्हणून मी दगडावरून दगडावर पाय टाकत होते आणि अक्कालाही तसंच चालायला लावत होते. आमची चाहूल मुंगीलासुद्धा लागली नसेल. मला त्याचा अभिमान होता.

एका वळणावर मला उकरलेलं वारूळ दिसलं. माती ताजी, ओलसर, आणि तिच्यावर लांब नख्यांचे ओरखडे. आता कुणीही शहाणा माणूस तिथून मागं फिरला असता. गावातली बाई असती तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या, खाकरली असती, पोरांना हाका मारल्या असत्या. पण मी निसर्ग मंडळातली ना. मला आनंद झाला. मी खाली वाकून ओरखडे बोटांनी मोजू लागले. अक्का माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “रजनी, हे काय गं?” मी म्हणाले, शू. आणि तशीच, आवाज न करता, करवंदीच्या जाळीला वळसा घालून पुढं झाले.

आधी आवाज आला. बशीतला चहा कुणीतरी जोरानं ओढून प्यावा तसा. थांबायचा आणि पुन्हा यायचा. मग मला ते दिसलं. दुसऱ्या वारुळात तोंड खुपसून, आमच्याकडं पाठ करून, एक अस्वल बसलं होतं. काळा केसाळ ढीग. मधे एसटी उभी राहील एवढंच अंतर. त्याच्या पाठीवर केसांना धरून एक पिल्लू बसलं होतं आणि दुसरं खाली मातीत लोळत होतं.

अस्वलाला कमी दिसतं, खाण्यात गुंग असलं की ऐकूही कमी येतं, आणि अशा वेळी माणूस अचानक जवळ दिसला की ते पळत नाही, अंगावर येतं. त्यातून पिल्लांची आई. हे सगळं मला पाठ होतं. मंडळात मीच त्यावर बोलले होते. त्याच भागातल्या एका गुराख्याचा चेहरा मी बघितला होता. अर्धा चेहरा.

मी मागं हात करून अक्काला धरलं आणि मागं ढकललं. तीही बघत होती. तिचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला, कट्कन आवाज झाला आणि ती बसकण मारून खाली आली. ओरडली नाही. चादरीचा बोळा तिनं खरोखरच तोंडात कोंबला होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

चहा ओढल्याचा आवाज थांबला.

शेजारीच एक कंबरेएवढा धोंडा होता. मी अक्काच्या काखेत हात घालून तिला त्याच्या आडोशाला ओढलं. वर जांभळीची फांदी, बाजूला जाळी. आम्ही एकमेकींना चिकटून बसलो. अस्वल फुसफुसून वास घेत होतं ते ऐकू येत होतं. थोड्या वेळानं पुन्हा ओढल्याचा आवाज सुरू झाला. पण आता तो मधेमधे थांबत होता.

अक्काचा घोटा माझ्या डोळ्यांदेखत सुजत चालला होता. तिला उभं राहता येणार नव्हतं. मला पळता आलं असतं. तसा विचार मनात येऊन गेला, हे खोटं कशाला सांगू. पण अक्कानं माझा दंड धरला होता, आणि तिला तिथं टाकून गेले असते तर मग जगून तरी काय केलं असतं.

पलीकडच्या काठावर अण्णा आणि नझीरभाई मला दिसत होते. कातळावर दोघं उभे होते. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. पण हाक मारायची म्हणजे आधी अस्वलाला सांगायचं, आम्ही इथं आहोत. त्या दोघांनी आरडाओरडा केला, तिकडून दगड मारले, तर अस्वल दुसरीकडं वळेल असं माझं गणित होतं. पण त्यांना कळवायचं कसं? मी हात हलवला. कोण बघणार? माझा शर्ट हिरवा, अक्काची चादर हिरवी, वर हिरवी फांदी.

मग मला शीळ सुचली. शपथ गेली खड्ड्यात. अस्वल रोज पाखरं ऐकतं, त्यात आणखी एक. पण अण्णा ऐकतील, दुर्बीण इकडं वळवतील, आम्ही दिसू. मी ओठ ओले केले आणि नवरंगाची शीळ घातली. दोन सूर. छान आली.

अस्वलानं मान वर केली नाही. पण पलीकडं अण्णांनी नझीरभाईंचा हात गच्च धरला. आणि दोघंही जागच्या जागी खाली बसले.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. मी पुन्हा शीळ घातली. नझीरभाईंनी आभाळाकडं बघून दोन्ही हात पसरले. अण्णांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि आमच्यापासून लांब, खालच्या पाचोळ्यात पाखरू शोधू लागले. ते दोघं हलत नव्हते. मी जितकी शीळ घालेन तितके ते घट्ट बसणार होते. मी तिसऱ्यांदा घातली. अण्णांनी दुर्बीण खाली करून डोळे पुसले. त्यांना रडू आलं होतं, पहिला मान मिळाला म्हणून. आणि मी इथं धोंड्याआड, पाचावर धारण बसलेली, तो मान त्यांना देत होते.

आणि तेवढ्यात पिल्लू आलं. मातीत लोळणारं. धोंड्याच्या कडेनं हुंगत हुंगत, डुलत डुलत. अक्काच्या पसरलेल्या पायापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. गोल कान, ओलं नाक, छातीवर पांढुरका पट्टा. एरवी मी त्याच्यावरून जीव ओवाळून टाकला असता. आता मला एवढंच कळत होतं की हे ओरडलं की आम्ही मेलो. पिल्लानं अक्काच्या चादरीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. चादर आली. ते दचकलं आणि चिरकलं.

ओढल्याचा आवाज बंद झाला. दगड घरंगळले. मी धोंड्यावरून बघितलं तर अस्वल मागच्या पायांवर उभं होतं. आमच्याकडं तोंड करून. एवढं उंच असतं ते मला माहीत नव्हतं.

मी शीळ घालायला ओठ पुढं केले. का, ते मला अजून कळलेलं नाही. तोंडात थुंकीच नव्हती. नुसती हवा आली. हाक मारायला गेले तर दातखीळ बसल्यासारखी झाली होती. आयुष्यभर लोकांचे आवाज इकडून तिकडं जोडून देणारी मी, आणि माझा आवाज घशातून निघत नव्हता.

तेव्हा अक्कानं तोंडातला बोळा काढला. चादर अंगावरून ढकलून दिली. धोंड्याला धरून एका पायावर उभी राहिली. ती गुलाबी साडी त्या हिरव्यात भडकन दिसली. मी तिचा पदर ओढून घशातल्या घशात म्हणाले, “शू, अक्का, शू.”

“नाही गं,” ती म्हणाली. “आता नाही.”

आणि ती बोलायला लागली. ओरडली नाही. माजघरातून स्वयंपाकघरातल्या बाईशी बोलावं एवढ्याच आवाजात.

“हे बघ बाई. भिऊ नको. आम्ही बायकाच आहोत दोघी. तुझ्या पोराला कोण हात लावत नाही. हे बघ, इथं आहे ते, घेऊन जा.”

अस्वल धप्पकन चारी पायांवर आलं आणि घुरघुरत चार उड्या पुढं आलं. धूळ आणि पाचोळा उडाला. मी डोळे मिटले. मला त्याचा वास आला, ओल्या गोणपाटासारखा. अक्काचा आवाज मात्र थांबला नाही. कापत होता, पण थांबला नाही. उलट चढला.

“माझं नाव यमुना. माहेर माझं गडहिंग्लज. सासर घाटाखाली. ही माझी भावजय, रजनी. हिला बोललेलं आवडत नाही, पण मनानं चांगली आहे.”

एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगावं तसं ती सांगत होती. मी डोळे उघडले. अस्वल थांबलं होतं. मान हलवत होतं, डावीकडं, उजवीकडं. आवाज कुठून येतोय ते जोखत होतं.

“तुला दोन आहेत. मला एक पण झालं नाही. त्यावरून सगळं झालं. सात वर्षं त्या घरात माझ्याशी कोण बोललं नाही बघ. तुला खोटं वाटंल. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसतं बोलायचं नाही. सासू दाराला सांगायची, दारा, हिला म्हणावं पाणी भर. दाराला सांगायची गं. नवरा समोरून जायचा तर भिंत बघितल्यागत. मी म्हशीशी बोलायची. तर त्यांनी म्हैस विकली.”

मी खालून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिचे डोळे अस्वलावरून हलले नव्हते.

“एक दिवस परसात जाऊन मी माझंच नाव घेतलं, मोठ्यानं. तर आवाज कुणाचा ते मलाच कळंना. तवा पेटी उचलली. तवा ठरवलं, मारायचं तर कुणी पण मारू दे. वाघानं मारू दे, तू मार. पण गप बसून मी मरायची नाही. ऐकतीस का? गप बसून नाही.”

शेवटचं ती ओरडली. सगळा ओढा घुमला. पलीकडच्या कातळावर अण्णा उठून उभे राहिले होते आणि काय करत होते म्हणाल, तर ओठांवर बोट ठेवून रागारागानं आम्हाला गप करत होते. मग त्यांना अस्वल दिसलं असणार. त्यांचं बोट तसंच ओठांवर राहिलं. नझीरभाईंनी मात्र दगड उचलून कातळावर आपटायला सुरुवात केली. मग अण्णांच्याही तोंडून आवाज फुटला, शब्द नव्हे, नुसता आवाज. तो ऐकून माझ्याही घशातलं काहीतरी सुटलं आणि मी ओरडू लागले. काय ओरडत होते ठाऊक नाही. एक्स्चेंजमधलंच असणार, “हॅलो, हॅलो.”

पिल्लू उड्या मारत आईकडं गेलं. तिच्या पायावरून, केसांना धरून, पाठीवर चढलं आणि दुसऱ्याच्या शेजारी बसलं. अस्वलानं एकदा अक्काकडं बघितलं. निदान मला तसं वाटलं. मग वळलं आणि दोन्ही पोरं पाठीवर घेऊन जाळी मोडत वर निघून गेलं. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

अक्का माझ्या अंगावरच कोसळली. मी तिला धरून बसले.

अण्णा आणि नझीरभाई धडपडत, घसरत, पाचोळा तुडवत खाली आले. इतका आवाज त्या दोघांनी रानात कधी केला नसेल. येऊन दोघंही एकदम बोलू लागले. नझीरभाई अक्काच्या घोट्याला रुमाल बांधता बांधता या खुदा, या खुदा म्हणत होते. अण्णांच्या एका पायात बूटच नव्हता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते की तो नवरंग आणि अस्वल एकाच जागी कसे. मी त्यांना सांगितलं, अण्णा, तो नवरंग मी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ते तिथंच दगडावर बसले आणि त्यांनी तोंडावर हात घेतले.

“मी बसून राहिलो गं,” ते म्हणाले. “तू बोलवत होतीस, आणि मी बसून राहिलो.”

ओढा एकदम शांत झाला. आणि त्या शांततेत, वरच्या अंगाला, अगदी जवळून शीळ आली. दोन सूर. थोड्या वेळानं पुन्हा. माझ्यापेक्षा कितीतरी गोड.

एवढ्या आरडाओरड्यानं ते पाखरू कुठंही गेलं नव्हतं. अण्णांनी मान वर केली. नझीरभाईंचे हात रुमालावर थांबले. आम्ही तिघंही सवयीनं जागच्या जागी गोठलो. अक्कानं आमच्या तोंडांकडं बघितलं. तिला वाटलं असणार, हेच ते, ज्याच्यासाठी एवढं सगळं. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“शू,” ती आम्हाला म्हणाली. “बोलतंय बघा.”

मी तिचं बोट धरून खाली केलं.

“बोलू दे त्याला,” मी म्हणाले. “अक्का, म्हैस विकली, मग पुढं काय झालं?”

तीन वर्षांत मी तिला विचारलेला तो पहिला प्रश्न. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्याशी दुसऱ्याच भाषेत बोलले. मग तिनं पदरानं नाक पुसलं. “म्हशीचं नाव चिंगी होतं,” ती म्हणाली.

नझीरभाईंनी आणि अण्णांनी तिला हातांच्या पाळण्यात उचललं. मी तिचा दुखरा पाय धरून बाजूनं चालले. जीपपर्यंतची सगळी वाट ती सांगत राहिली, आणि आम्ही तिघं मोठमोठ्यानं हुंकार देत राहिलो. मागं नवरंग शीळ घालत होता. मागं वळून कुणी बघितलं नाही.